सिलिंडर मॉवरची धार आणि कागदाची परीक्षा : माझा अनुभव

‘कागद कापतोय ना? मग मशीन बरोबर आहे.’ ग्राइंडिंग मशीन विकणाऱ्यांकडून फोनवर हे एकच वाक्य ऐकून माझा जवळजवळ अख्खा पावसाळा गेला. तो राग अजून उतरलेला नाही. बेळगाव भागात कुणी गवत कापायच्या सिलिंडर मॉवरला धार लावायचं काम शिकणार असेल तर त्याचा तरी वेळ वाचावा, म्हणून लिहितोय.

उद्यमबागेत आमचं छोटं वर्कशॉप आहे. कडबाकुट्टीची पाती पाजवणं घरचंच काम. कॅम्पातल्या बंगल्यांचे, शाळांच्या मैदानांचे, मंगल कार्यालयांच्या लॉनचे माळी सिलिंडर मॉवर घेऊन यायचे आणि आम्हाला ते परत पाठवावे लागायचे. म्हणून जुनं ग्राइंडिंग मशीन घेतलं. ते चालवायला हात लवकर बसला.

रोटरी मॉवर गवत झोडपतो, सिलिंडर मॉवर कातरीसारखा कापतो. फिरणारी पिळाची पाती आणि खालचं स्थिर तळपातं यांच्यात गवत सापडतं. इंग्लंडमधल्या स्ट्राउडच्या एडविन बडिंगने १८३० साली हे यंत्र काढलं, तेही गिरणीत लोकरी कापडावरची लव कातरणारं यंत्र बघून. शहापुरात मागांच्या आवाजात वाढलेल्या मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. धार लावायची म्हणजे सगळी पाती मिळून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच व्यासाची करायची. सिलिंडर फिरता ठेवून ग्राइंडिंगचं चाक त्याच्या लांबीभर पुढे-मागे न्यायचं. एका फेरीत एक-दोन शतांश मिलिमीटरच घ्यायचं. घाई केली की पातं निळं पडतं आणि त्याचं पाणी उतरतं.

ठिणग्या छान पडत होत्या. तळपातं जुळवलं की वर्तमानपत्राची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सपासप कापली जात होती. तरी माळी परत यायचे : ‘एका बाजूला गवत उंच राहतंय.’ व्हर्नियर लावला, तर दोन टोकांच्या व्यासात चांगले तीन दशांश मिलिमीटरचा फरक. सिलिंडरला टेपर येत होता, म्हणजे तो एका टोकाकडे बारीक होत होता.

मशीन विकणाऱ्यांना कळवलं. ‘व्हील ड्रेस करा’, म्हणजे चाकाचा पृष्ठभाग खरवडून सारखा करा. केलं. ‘बेअरिंग बघा.’ बघितली, प्ले म्हणजे ढिलेपणा नव्हता. मग कागदाचं ते वाक्य. मग ‘आमचा मेकॅनिक निघालाय’. तो निघालेलाच राहिला. इकडे गवत वाढण्याचे दिवस, आमच्या दारात मॉवरची रांग, आणि मी रोज सकाळी फोन लावून तेच उत्तर ऐकतोय. पैसे घेताना एका रिंगमध्ये फोन उचलणारी हीच माणसं!

कागदाची परीक्षा इथे का फसते ते नीट समजून घ्या. तळपात्याला दोन्ही बाजूंना वेगळे स्क्रू असतात. सिलिंडर टेपर असला तरी तळपातं तिरकं करून त्याला चिकटवता येतं, आणि कागद कापला जातो. पण मग मॉवर ज्यावर चालतो त्या रोलरला तळपातं समांतर राहत नाही, आणि लॉनवर एका बाजूचं गवत उंच राहतं. कागदावरून धार कळते, आकार कळत नाही.

शेवटी आमच्या ओळीतले एक जुने टर्नर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते येऊन बघून गेले. मी पात्यांवर डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारं मापयंत्र) धरला होता. म्हणाले, “पात्यावर कशाला मोजायलास? ती झिजलेलीच असतात. शाफ्टवर लाव की.” चाक ज्या कॅरेजवर सरकतं त्यावर डायल गेज बसवला, सिलिंडरच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना, जिथे व्यास सारखा आहे तिथे, टेकवून बघितला. काटा एका टोकाला वेगळा, दुसऱ्या टोकाला वेगळा. कॅरेजची वाट आणि सिलिंडरचा अक्ष समांतरच नव्हते! सिलिंडरच्या पकडीखाली पातळ पत्रा घालत दोन्हीकडचं रीडिंग सारखं आणलं. बाजूनेही बघायचं आणि वरूनही. त्यानंतरचा पहिला सिलिंडर मोजला तेव्हा दोन्ही टोकं सारखी आली, आणि मी मोठ्याने ओरडलो. खरंच अभिमान वाटला.

आता हे प्रत्येक सिलिंडर चढवल्यावर करतो. काही मिनिटं लागतात.

बेअरिंगचं मात्र खरं आहे. ती ढिली असतील तर ग्राइंडिंग सुरूच करू नका, आधी बदला. नवं चाक चढवण्याआधी लाकडाने हलकं ठोकून आवाज ऐका. खणखणीत नाही आला तर तडा असू शकतो, ते वापरू नका. गॉगल घाला आणि चाकाच्या समोर उभे राहू नका. तळपातंही वेगळं ग्राइंड करावं लागतं; कड झिजून गोल झालेल्या तळपात्यावर नवी धार वाया जाते. सिलिंडर गोल झाल्यावर प्रत्येक पात्याची मागची बाजू थोडी उतरवून घ्या, म्हणजे घर्षण कमी होतं आणि धार जास्त टिकते. उलटं फिरवून पेस्टने घासणं हे फक्त हलकी बोथट झालेली धार परत आणायला. टेपर त्याने जात नाही.

आणि जुनं मशीन घेणार असाल तर डायल गेज सोबत न्या. विकणाऱ्यासमोर शाफ्टची दोन्ही टोकं तपासा, मगच पैसे मोजा.