मीरा नायरवरचा एक तास

कॉलेजात मी चित्रपट शिकवते. दिग्दर्शिका मीरा नायरवरचा तास नेहमी मुंबईच्या रस्त्यावरच्या मुलांवरच्या ‘सलाम बॉम्बे’ने (१९८८) सुरू होतो. यंदा दिवे लागायच्या आतच मागच्या बाकावरून एका मुलाचा आवाज आला, “मॅडम, न्यूयॉर्कहून यायचं, आपली गरिबी दाखवायची आणि कानच्या चित्रपट महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचा ‘कॅमेरा दोर’ पुरस्कार घ्यायचा! यात आपलं काय?”

मी उत्तर दिलं नाही. पत्राचा प्रसंग पुन्हा लावला. फुटपाथवरच्या लेखनिकाकडून चित्रपटातला मुख्य मुलगा कृष्णा आईला पत्र लिहून घेतो. तो लेखनिक म्हणजे इरफान खान. तेव्हा तो राष्ट्रीय नाट्य विद्यालयात (एनएसडी) शिकत होता. मोठी भूमिका हुकून हाती एवढाच तुकडा आला होता. पुढे २००६ मध्ये ‘द नेमसेक’चा अशोक गांगुली त्याला याच दिग्दर्शिकेनं दिला.

रेल्वे स्टेशनवर सापडणाऱ्या मुलांच्या निवाऱ्यात रविवारी काम करणारी एक विद्यार्थिनी उठली. “आमच्याकडची पोरंही अशीच. गावाचं नाव सांगतात, तालुका ठाऊक नसतो. आधी नुसतं बसून बोलावं लागतं.”

मला हेच हवं होतं. नायर आणि पटकथाकार सूनी तारापोरवाला आधी रस्त्यावरच्या मुलांमध्येच बसल्या होत्या. चित्रीकरणापूर्वी मुलांची कार्यशाळा झाली आणि त्यातलीच मुलं पडद्यावर आली. त्याआधी नायर माहितीपट करत होती. ‘इंडिया कॅबरे’मध्ये (१९८५) तिनं मुंबईतल्या बारमध्ये नाचणाऱ्या बायकांना बोलतं केलं होतं. ‘सलाम बॉम्बे’नंतर रस्त्यावरच्या मुलांसाठी ‘सलाम बालक ट्रस्ट’ उभा राहिला. तो आजही चालू आहे.

“आणि कृष्णा झालेला शफीक सय्यद?” मुलगा हटला नाही. “राष्ट्रीय पुरस्कार मिळवून शेवटी बंगळुरात रिक्षाच चालवली ना?”

खरं होतं ते. एका ट्रस्टनं ते पुसलं जात नाही, आणि मी पुसायचा प्रयत्नही केला नाही. तरी परकेपणाचा आरोप मला मान्य नाही. राउरकेलाला जन्मलेली, हार्वर्डला शिकलेली ही बाई घर सुटलेल्यांकडेच पुन्हा पुन्हा जाते. ‘मिसिसिपी मसाला’त (१९९१) हुकूमशहा इदी अमीननं हाकललेलं युगांडातलं भारतीय कुटुंब आहे. पुढे त्याच युगांडात, कंपालाला, तिनं तरुणांना सिनेमा शिकवणारी ‘माइशा’ ही संस्था काढली. व्हेनिस महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, सुवर्णसिंह, मिळवणाऱ्या ‘मॉन्सून वेडिंग’वर (२००१) बोलायला वेळच उरला नाही.

तास संपल्यावर तो मुलगा टेबलाशी आला. “पूर्ण पटलेलं नाही, मॅडम. पण प्रकल्पासाठी मला ‘इंडिया कॅबरे’ द्या. कानचा पुरस्कार मिळायच्या आधी ती कुणाशी बोलत होती, ते बघायचंय.”