एक एल गाळलेलं गाव

गेल्या शनिवारी एडिसनहून किराणा घेऊन परतत होतो. डिकीत वीस पौंड तांदूळ आणि कोथिंबिरीच्या चार जुड्या. पुढं कुठंतरी अपघात झाला होता म्हणून जीपीएसनं भलत्याच रस्त्यानं काढलं आणि एका सिग्नलला समोर पाटी दिसली: मिलटाउन. इतकी वर्षं न्यू जर्सीत काढली, गाव घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि आपण त्या गावात शिरलोय हे कधी लक्षातच आलं नव्हतं. मी एकटाच हसलो.

"काय झालं?" हिनं विचारलं.

"गोळीचं गाव."

"बरं," ती म्हणाली आणि कोथिंबिरीची पिवळी पानं काढायला लागली. तीस वर्षांच्या संसारात 'बरं'चे जे काही अर्थ होतात, त्यातला हा बराच सौम्य.

तर १९५५ साली बाजारात आलेल्या एका गोळीला या गावाचं नाव दिलं होतं, स्पेलिंगमधला एक एल गाळून. औषधाचं शास्त्रीय नाव मेप्रोबामेट. ते कोणाच्या लक्षात राहणार? मिलटाउन म्हटलं की कसं, चार दिवस जाऊन राहावंसं वाटतं. ही गोळी घेतली की झोप न येता जीव शांत व्हायचा म्हणे. अमेरिका नुसती तुटून पडली. औषधांच्या दुकानांबाहेर 'मिलटाउन संपलं', 'मिलटाउन उद्या मिळेल' अशा पाट्या लागल्या, अगदी आपल्याकडे रॉकेलच्या दुकानाबाहेर लागायच्या तशा. टीव्हीवरचा लाडका विनोदवीर मिल्टन बर्ल, तो म्हणायचा की मी आता नाव बदलून मिलटाउन बर्लच करून टाकतो. तीन वर्षांनी कंपनीनं चित्रकार साल्वादोर दालीला गाठून सुरवंटाचा असतो तसा एक कोश करवून घेतला, माणसानं आत शिरून पलीकडून बाहेर पडावं एवढा मोठा, आणि सॅन फ्रान्सिस्कोत डॉक्टरांच्या अधिवेशनात मांडला. महायुद्ध जिंकलेला, घरोघरी गाडी आणि फ्रिज आलेला देश, आणि रांग कशाची, तर जिवाला शांतता मिळावी याची.

हे सगळं शोधणारा फ्रँक बर्गर मूळचा चेकोस्लोव्हाकियाचा. युद्धाच्या तोंडावर तिथून निसटून इंग्लंडला पोचला. तिथं पेनिसिलिन टिकवायच्या खटपटीत असताना त्यानं एक रसायन उंदरांना टोचून पाहिलं. उंदीर गळाले. मेले नाहीत, झोपले नाहीत. डोळे टक्क उघडे, श्वास नीट चाललेला, नुसते पडून. बर्गरनं ते लक्षात ठेवलं आणि अमेरिकेत आल्यावर जास्त वेळ टिकणारं रसायन तयार करवून घेतलं.

मला मात्र त्या काळची अमेरिका म्हटलं की आधी गोळी आठवत नाही, बूट आठवतात. सत्तरच्या दशकात आमच्या वाड्याजवळच्या रद्दीवाल्याकडे जुनी अमेरिकन मासिकं किलोवर मिळायची. इंग्रजी कळायचं नाही, व्यंगचित्रं बघायचो. त्यात एक चित्र पुन्हा पुन्हा यायचं. लांबलचक कोचावर एक माणूस उताणा पडलेला आणि त्याच्या डोक्याशी खुर्चीत दाढीवाला वही घेऊन बसलेला. माणूस बदलायचा, कोच तोच. आणि कोचावरच्या माणसाच्या पायात बूट! आमच्या घरी उंबऱ्याच्या आत चप्पल आली तरी आजीचा आवाज चढायचा. मी ते चित्र तिला दाखवलं.

"गादीवर बूट? म्लेंच्छ मेले," ती म्हणाली.

आत्या शेजारी बसली होती. सासरहून कायमची परत येऊन तिला वर्ष झालं असेल. तिनं मासिक हातात घेतलं, बराच वेळ बघितलं. "पण तो ऐकून घेतोय ना त्याचं," म्हणाली, आणि परत दिलं.

बूट न काढण्याबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही. इथं मुलाचे मित्र आले की मी दारातच उभा राहतो. असो.

तो कोच मनोविश्लेषकाचा, आणि त्यावर पडायला पैसे लागायचे. तासाचा हिशोब, आणि आठवड्यातून तीन-चार वेळा जायचं, तेही वर्षानुवर्षं. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड हा तिथल्या सुखवस्तू घरांत जेवणाच्या टेबलावरचा विषय झाला तो असा. 'पीनट्स' या चित्रमालिकेतल्या लुसीनं १९५९ साली लिंबू सरबताच्या गाड्यासारखा फळ्यांचा गाळा मांडून पाच सेंटांत मानसोपचार सुरू केला, त्यातला चिमटा याच महागाईला होता. समुपदेशनाच्या नावाखाली ती बिचाऱ्या चार्ली ब्राउनला झापायचीच. आपल्याकडे हे काम शेजारपाजार फुकट करतो.

आणि ज्यांचं प्रकरण कोचाच्या पलीकडचं होतं त्यांची व्यंगचित्रं निघत नव्हती. १९५५ साली, म्हणजे मिलटाउनची झुंबड उडाली त्याच साली, अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांच्या आसपास माणसं होती. आमच्या न्यू जर्सीतलंच ग्रेस्टोन पार्क घ्या. मॉरिस प्लेन्सजवळची राजवाड्यासारखी दगडी इमारत. १८७६ साली ती काही शे रुग्णांसाठी उघडली, पन्नाशीच्या दशकात तिथं सात हजारांहून जास्त माणसं कोंबली होती. गायक वुडी गथ्री १९५६ पासून पाच वर्षं तिथं होता. त्याचा आजार हंटिंग्टनचा, म्हणजे मेंदू हळूहळू निकामी करणारा, पण ठेवलं तिथंच. तो त्या जागेला ग्रेव्हस्टोन, म्हणजे थडग्याचा दगड, म्हणायचा, आणि आपल्या चाळीस नंबरच्या वॉर्डाला लाडानं 'वॉर्डी फॉर्टी'. मुलाच्या सॉकरच्या निमित्तानं त्या बाजूनं जाताना मी ती इमारत लांबून पाहिली होती. २०१५ साली पाडली.

आमच्याकडे कोचही नव्हता. मनाचं दुखणं म्हटलं की पायऱ्या दोनच: 'जरा हवापालट करा' आणि येरवडा. आत्या कोकणात महिनाभर राहून आली, तरी रात्रीचं रडणं थांबेना. दिवसा ती भांडायची. दूधवाल्याशी, काकांशी, नळावर बायकांशी. माझा चेंडू शेजारच्या वाड्यात गेला आणि तिथले आजोबा देईनात, तर कमरेवर हात ठेवून गेली आणि माझा एक चेंडू मागायला जाऊन तीन घेऊन आली. मग डॉक्टरांनी कांपोज दिली, मन शांत करायची गोळी. व्हॅलियम या अमेरिकन गोळीची आपल्याकडची सख्खी बहीण. व्हॅलियमही न्यू जर्सीचीच, नटली गावची, हे कळायला मला इथं यावं लागलं.

बर्गरचं औषध खपेल असं त्याच्या कंपनीला आधी वाटत नव्हतं. मग त्यानं माकडांची फिल्म काढली. एका अवस्थेत माकडं चवताळलेली, दात विचकणारी. दुसऱ्या अवस्थेत जुन्या औषधानं गुंगलेली. तिसऱ्यात मिलटाउन दिलेली, जागी, पण कोणी हात लावला तरी न चावणारी. ती फिल्म पाहून दुसरी एक बडी कंपनी ते औषध विकायला तयार झाली. बर्गर याला झोपेचंच एक औषध म्हणून आणणार होता, पण नेथन क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञानं त्याला सांगितलं म्हणतात की झोपेची औषधं जगात रग्गड आहेत, जगाला हवीय ती शांती, तेच नाव दे.

"आता बरी आहे," आत्याबद्दल घरात सगळे म्हणायला लागले. खरंच बरी होती. वेळेवर उठायची, वेळेवर जेवायची. नळावर शांतता, काका खूश. दुपारी माजघरात थाळा घेऊन तांदूळ निवडत बसायची.

त्या मे महिन्यात चेंडू पुन्हा शेजारी गेला. मी धावत माजघरात गेलो, "आत्या, आजोबा चेंडू देत नाहीत!" तिनं मान वर केली. माझ्याकडे बघितलं, अगदी प्रेमानं.

"हो का?" म्हणाली, आणि थाळ्यातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.