आमची वाटचाल: परवानगी आधी, मंडप नंतर

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यातून आमचं कार्यक्रम-आयोजनाचं काम सुरू झालं. आधी साखरपुडा-हळदीची सजावट, मग सोसायट्यांचे वर्धापनदिन, पुढे कंपन्यांचे फॅमिली डे आणि डीलर मीट. फुलं आणि लाइटिंगवर गिऱ्हाईक तासन्‌तास बोलतं. परवानग्यांचं नाव काढलं की ‘ते तुम्ही बघा हो’ म्हणून मोकळं होतं. आम्ही ते बघायचं ठरवलं. आमची फर्म त्यावरच टिकली, असं मी खात्रीने सांगते.

मोकळ्या मैदानावरचा कार्यक्रम म्हणजे जागामालकाची संमती, पोलीस परवानगी, अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला, ध्वनिक्षेपकाचा परवाना, तात्पुरत्या विजेची तपासणी, स्टेजसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला. गाण्यांच्या हक्कांचा परवाना वेगळा. लग्नसमारंभाला कॉपीराइट कायद्यात सूट आहे, कंपनीच्या पार्टीला नाही. हे प्रत्येक एचआरला पहिल्यापासून समजावावं लागतं, आणि आम्ही ते आनंदाने करतो.

आवाजावरून मात्र खरी रस्सीखेच होते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद. सरकारने जाहीर केलेल्या मोजक्या दिवशीच १२ पर्यंत सूट. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. घोडबंदर रोडला मैदानाच्या दोन्ही बाजूंनी टॉवर, त्यात कुणाचं तान्हं बाळ, कुणाचे आजारी वडील. म्हणून आम्ही कार्यक्रमपत्रिकाच उलटी लावतो: नाच-गाणी आधी, बक्षिसं आणि भाषणं शेवटी. आवाज कधी उतरवायचा हे आमचा माणूस ठरवणार, हे करारातच लिहिलेलं असतं.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण सोहळ्याला आलेल्या १४ जणांचा उष्माघाताने जीव गेला. तेव्हापासून एप्रिल-मेमध्ये दुपारचा उघड्यावरचा कार्यक्रम आम्ही घेत नाही. काही कामं त्यापायी गेली. त्याचं वाईट वाटत नाही.

एलईडी वॉल लोकांना टीव्हीसारखी वाटते. वाऱ्याच्या लेखी ते उभं शीड असतं. खाडीकडून वारा सुटला की ट्रस, म्हणजे वॉल पेलणारा धातूचा सांगाडा, हलतो. म्हणून पायाशी काँक्रीटचे ठोकळे, मागून ताण, आणि वर वारा मोजायचं यंत्र. पुरवठादाराने लिहून दिलेली मर्यादा ओलांडली की वॉल खाली येते, समोर कितीही मोठा पाहुणा बसलेला असो. आमचा सुपरवायझर ट्रसची एकेक पिन हाताने चाचपतो. मग जनरेटरचं अर्थिंग बघतो आणि डीबीवरच्या (वीज वाटणाऱ्या पेटीवरच्या) ईएलसीबीचं, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण गिऱ्हाइकासमोर दाबून दाखवतो. नुसती टेप गुंडाळलेला केबलचा जोड दिसला तर ती केबल ट्रकमध्ये परत. फायरची गाडी आत येईल एवढी वाट मोकळी ठेवूनच खुर्च्या मांडायच्या. स्पॉन्सरचा स्टॉल त्या वाटेत येत असेल तर स्टॉल हलतो.

पब्लिक लायबिलिटी पॉलिसी, म्हणजे आलेल्या लोकांना इजा झाली तर भरपाई देणारा विमा, आता बरेच जण काढतात. ट्रसवर चढून काम करणाऱ्या पोरांचं काय, हे फार थोडे विचारतात. ‘तो ठेकेदाराचा माणूस’ हे उत्तर आम्हाला पटत नाही, आणि कर्मचारी नुकसानभरपाईच्या कायद्यालाही पटत नाही (आधी १९२३ चा कायदा होता, २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता). काम ठेक्याने दिलं तरी भरपाईचा दावा मूळ काम घेणाऱ्यावर येऊ शकतो. त्यामुळे ट्रक गेटमधून आत घेण्याआधी आम्ही ठेकेदाराकडून नावांची यादी आणि विम्याची प्रत घेतो. हार्नेस (उंचीवर काम करताना बांधायचे सुरक्षा पट्टे) आमच्याकडचे. यादीत नाव नसेल तर तो मुलगा त्या दिवशी खालचं काम करतो, दिवसाची मजुरी मात्र पूर्ण मिळते.