हेल्मेट घालूनही आलेले ‘विनाहेल्मेट’ चलन : माझा अनुभव

२०२५ च्या मार्च महिन्यात, शिमग्याची पालखी आमच्या दापोली तालुक्यातल्या गावात घरोघर फिरत असताना, माझ्या मोबाइलवर एक संदेश आला. माझ्या मोटारसायकलच्या नंबरावर विनाहेल्मेट दुचाकी चालवल्याबद्दल ई-चलन झाले असून दंड भरावा, असे त्यात लिहिले होते. चलनाची तारीख १६ फेब्रुवारीची होती आणि ठिकाण होते माझ्या घरापासून दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या एका मोठ्या शहरातले. त्या शहरात माझी मोटारसायकल कधीही गेलेली नाही.

घरी आणि मी काम करतो त्या पतसंस्थेत सर्वांनी एकच सल्ला दिला, की रक्कम फार मोठी नाही, तेव्हा भरून मोकळे व्हावे. सल्ला व्यवहाराला धरून होता. तक्रारीच्या मागे लागण्यात दंडापेक्षा जास्त पैसे जाणार हे मलाही दिसत होते. तरीही तो दंड भरणे मला शक्य नव्हते, आणि त्याचे कारण पैशाचे नव्हते. अकरा वर्षांपूर्वी माझा मावसभाऊ रात्री घरी परतताना वळणावर रस्त्यात बसलेल्या गुराला धडकून पडला. हातापायांना किरकोळ खरचटले होते, मार सगळा डोक्याला होता. मोठ्या रुग्णालयात नेताना वाटेतच तो गेला. त्याचे हेल्मेट दुसऱ्या दिवशी आम्हाला मिळाले ते त्याच्या कोपराला अडकवलेले होते म्हणून वेगळे काढून ठेवलेले. त्यावर एक ओरखडाही नव्हता. त्या दिवसापासून मी वाण्याच्या दुकानापर्यंतसुद्धा हेल्मेटशिवाय गेलेलो नाही. अशा माणसाच्या नावापुढे सरकारी नोंदीत ‘विनाहेल्मेट’ असा शब्द राहावा, हे मला सहन होण्यासारखे नव्हते.

पहिली खबरदारी मी संदेशाबाबतच घेतली. चलनाच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर बनावट ॲपची फाईल पाठवून लोकांची बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार सर्रास घडतात, आणि पतसंस्थेत बसून अशी दोन प्रकरणे मी स्वतः पाहिली आहेत. म्हणून संदेशातल्या दुव्याला हात न लावता मी राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गेलो. तिथे गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक भरले की त्या गाडीवरची चलने दिसतात. चलन खरे होते आणि सोबत छायाचित्रही होते.

ते छायाचित्र मोठे करून पाहताच उलगडा झाला. माझी १२५ सीसीची काळी मोटारसायकल २०१६ सालची आहे. छायाचित्रात होती ती निळी स्कूटर. स्कूटरचा नंबर एमएच ०८, म्हणजे आमच्याच रत्नागिरी जिल्ह्याचा, आणि पुढची अक्षरेही तीच. मात्र माझ्या नंबरात जिथे ३ आहे तिथे त्या पाटीवर मला ८ दिसत होता, ज्याची डावी बाजू चिखलाने झाकली गेली होती. चालवणारा तरुण उघड्या डोक्याने होता. त्याच्या पुढे, हँडलला धरून, सहा-सात वर्षांचे एक मूल उभे होते आणि त्याच्याही डोक्यावर काही नव्हते.

त्या छायाचित्राकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२९ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, पगडी घातलेले शीख सोडून, चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला, मग ती चालवत असो वा मागे बसलेली असो, दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक आहे, आणि ते नुसते डोक्यावर ठेवून भागत नाही. पट्ट्याने किंवा त्याला असलेल्या इतर बंधाने ते डोक्याला घट्ट बांधलेले असले पाहिजे, असे त्या कलमातच म्हटले आहे. हे कलम मोडणाऱ्यासाठी कलम १९४-ड मध्ये एक हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी चालक परवान्यास अपात्रता, अशी तरतूद आहे. म्हणजे छायाचित्रात गुन्हा घडत होता हे निर्विवाद होते, फक्त तो माझा नव्हता.

त्याच संकेतस्थळावर तक्रार नोंदवण्याची सोय आहे. मी चलनाचा क्रमांक, आरसी बुकाची प्रत आणि माझ्या गाडीचे समोरून व मागून काढलेले छायाचित्र जोडून तक्रार केली. नऊ दिवसांनी उत्तर आले, की तक्रार फेटाळण्यात आली असून चलन योग्य आहे. कारण दिलेले नव्हते. छायाचित्र कोणी उघडून पाहिले असते तर मोटारसायकल आणि स्कूटर यांतला फरक लहान मुलालाही कळला असता, आणि ते कोणी पाहिलेच नसावे, याचे मला फार वाईट वाटले. चलन बरोबर असेल तर ते झालेच पाहिजे असे मानणारा मी माणूस. पण ज्या यंत्रणेच्या एका छायाचित्रावर लोकांनी विश्वास ठेवायचा, तिने तक्रार आल्यावर ते छायाचित्र पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

दुसऱ्या वेळी मी तयारी करून गेलो. ओळखीच्या एका वकिलांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, की केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७-अ प्रमाणे कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांच्या आत पाठवायची असते आणि चलनाचा निकाल लागेपर्यंत त्याची इलेक्ट्रॉनिक नोंद जपून ठेवायची असते. माझा संदेश तर चोविसाव्या दिवशी आला होता. दुसरी अशी, की आरसीवर वाहनाचा वर्ग पाहून काही सिद्ध होणार नाही, कारण तिथे मोटारसायकल आणि स्कूटर एकाच वर्गात लिहिलेल्या असतात. उत्पादक, मॉडेल आणि रंग या रकान्यांवर बोट ठेवावे लागेल. पहिल्या तक्रारीत मी नेमके हेच लिहिले नव्हते. ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांनी हे तीन रकाने आणि छायाचित्रातली गाडी शेजारी शेजारी ठेवून दाखवावी, म्हणजे वाचणाऱ्याला शोधत बसावे लागणार नाही.

त्या दिवशी माझी गाडी कुठे होती याचा पुरावाही मिळाला. १६ फेब्रुवारीला रविवार होता आणि मेहुणीच्या मुलीच्या साखरपुड्यासाठी मी व पत्नी मोटारसायकलने गुहागरकडे गेलो होतो. दाभोळहून फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडली की पलीकडे धोपावे, तिथून गुहागर जवळ. आम्हाला न्यायला धोपाव्याच्या जेटीवर आलेल्या भाच्याने आमची गाडी बोटीवरून उतरतानाचा छोटा व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता. त्यात गाडी वळून पुढे जाते तेव्हा मागची पाटी स्वच्छ वाचता येते, माझ्या डोक्यावरचे पांढरे हेल्मेट दिसते, आणि वेळ होती चलनावरच्या वेळेच्या वीस मिनिटे आधीची. भाच्याच्या मोबाइलमधली मूळ फाईल मी मागून घेतली, कारण व्हॉट्सॲपवर फिरलेल्या प्रतीत मूळ तारीख-वेळ राहत नाही.

सगळे कागद घेऊन एप्रिलमध्ये एक दिवस रजा टाकली आणि पहाटेच्या एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी वाहतूक शाखेत गेलो. चलन दुसऱ्या शहरातले असल्याने ते रद्द करण्याचा अधिकार इथे नव्हता, परंतु तिथल्या महिला उपनिरीक्षकांनी अर्ज घेऊन संबंधित शहराकडे पाठवण्याची तयारी दाखवली आणि कागद शांतपणे वाचले. आरसी आणि छायाचित्र पाहून त्यांनी मान डोलावली. मग व्हिडिओ पाहिला, थांबवला, पुन्हा लावला आणि मोबाइल माझ्यापुढे धरून विचारले, “तुमचे म्हणणे पटले. पण मागे बसलेल्या वहिनींच्या डोक्यावर काय आहे?”

पत्नीच्या डोक्यावर अबोलीचा गजरा होता. पाटी वाचता येते की नाही आणि माझे हेल्मेट दिसते की नाही हे पाहण्यासाठी मी तो व्हिडिओ निदान पंधरा वेळा पाहिला होता, आणि पंधराही वेळा मला ते दिसले नव्हते.

मला उत्तर देता आले नाही. व्हिडिओ मागे घ्यावा, आरसीवरच विसंबावे, असा विचार क्षणभर मनात येऊन गेला; पण एक गोष्ट लपवून दुसरी खरी ठरवणे मला जमले नसते. मी त्यांना म्हटले, “मॅडम, ही चूक माझी आहे. त्यासाठी वेगळे चलन करायचे असेल तर करा, मी आजच भरतो.” त्या म्हणाल्या, “माझ्यासमोर गाडी असती तर केलेच असते. घरी जाताना एक हेल्मेट घेऊन जा.” नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्यांवरही कडक कारवाईचे आदेश दिले होते आणि ई-चलन यंत्रात चालक व सहप्रवासी यांची नोंद वेगळी करण्यास सांगितले होते, हेही त्यांनीच मला सांगितले. अर्जाची पोच शिक्क्यासह हातात दिली. त्या कार्यालयात मला मिळालेली वागणूक मी विसरणार नाही.

रात्री घरी येऊन पत्नीला सगळे सांगितले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “अहो, अकरा वर्षांत तुम्ही मला एकदा तरी घाल म्हणालात का?”

म्हटले नव्हते. आमच्याकडे साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईने हेल्मेट घालायचे असते, ही कल्पनाच कोणाच्या मनात येत नाही. अंबाडा मोडतो, उकाड्याने घाम येतो, जवळच तर जायचे आहे, असे बायका म्हणतात आणि पुरुषांना ते पटते; कारण पटले की दुसरे हेल्मेट विकत घ्यावे लागत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा रस्ता अपघातांत मृत्यू झाल्याची नोंद आहे, आणि त्यांतले १४,३३७ जण चालवणारे नव्हते, मागे बसलेले होते. हा आकडा मी पूर्वी वाचलेला होता. पतसंस्थेतल्या तरुण मुलांना सांगतही असे. तरी माझ्याच गाडीवर मागे बसलेल्या माणसाला मी कधी त्यात मोजले नव्हते.

त्याच आठवड्यात आम्ही दोघे खेडला गेलो, अर्थात एसटीने. दुकानदाराने आधी रस्त्याकडेला मिळतात तसली हलकी टोपी पुढे केली. जून २०२१ पासून दुचाकीची हेल्मेटे भारतीय मानकाची, म्हणजे आयएस ४१५१ आणि आयएसआय चिन्ह असलेलीच विकता येतात; तेव्हा आम्ही तशीच मागितली. पत्नीने चार घालून पाहिली. अंबाडा मानेवर खाली घेतला की हेल्मेट नीट बसते आणि पट्टाही हनुवटीखाली बरोबर येतो, हे तिने तिथेच शोधून काढले. परतताना एसटीत ते तिने मांडीवर धरून ठेवले होते.

चलनाचे काम मात्र रेंगाळले. मध्यंतरी लोकअदालतीचा संदेश आला, की थकीत चलन तडजोडीने मिटवावे. पुष्कळ लोक इथे सवलत मिळेल म्हणून पैसे भरून येतात. माझी अडचण वेगळी होती: लोकअदालत दोन्ही बाजूंच्या संमतीवर चालते, आणि न केलेल्या गुन्ह्याच्या अर्ध्या दंडाला मी संमती दिली असती तर गुन्हा पूर्ण माझाच ठरला असता. वकिलांच्या सल्ल्याने मी तिथे लेखी कळवले, की तक्रार प्रलंबित आहे आणि मला तडजोड मान्य नाही. संबंधित शहराच्या शाखेला तीन ई-मेल पाठवले, प्रत्येक वेळी पोचेची प्रत जोडली. दर सोमवारी संकेतस्थळ उघडून पाहायचे, असा नेम ठेवला.

या काळात उच्च सुरक्षा नोंदणी पाटीही बसवून घेतली. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना ती राज्यात सक्तीची केली आहे आणि दुचाकीसाठी ४५० रुपये अधिक जीएसटी असा दर आहे. जुन्या पाट्यांवर प्रत्येकाचे वळण वेगळे. कोणाचा ३ हा ८ सारखा, कोणाचा १ हा ७ सारखा. नव्या पाटीवरचे अंक एकाच ठशाचे असतात आणि ती उघडता न येणाऱ्या कुलपाने बसवतात. रांग, तारीख मिळणे, वेळेवर केंद्रावर पोहोचणे यांत एक पूर्ण दिवस गेला. पण तो वाया गेला असे मला वाटत नाही.

जुलैच्या दुसऱ्या सोमवारी, बाहेर पाऊस कोसळत असताना आणि वीज नसताना, मोबाइलच्या उरलेल्या बॅटरीवर संकेतस्थळ उघडले. माझ्या नंबरापुढे एकही थकीत चलन नव्हते. कसलेही पत्र आले नाही. पत्नीला दाखवले, तेव्हा तिने आधी तारीख विचारली आणि मग बोटांवर मोजून चार महिने झाले म्हणाली.

अर्जाच्या शेवटी मी एक विनंती लिहिली होती: छायाचित्रातला नंबर पुन्हा वाचून हे चलन खऱ्या मालकाकडे पाठवावे, कारण त्या स्कूटरवर एक लहान मूल उभे आहे. त्या ओळीला उत्तर आलेले नाही. ती स्कूटर आमच्याच जिल्ह्यातली आहे, म्हणून रस्त्यात निळी स्कूटर दिसली की मी आधी तिच्या पुढच्या भागाकडे पाहतो. परवा पुन्हा त्या उपनिरीक्षकांना पत्र लिहिले आहे, छायाचित्राची प्रत जोडून, ८ या अंकाभोवती लाल पेनाने गोल करून.