पोमोनाचे रोडस्टर आणि गॅरेजमधून निघालेली कला

जानेवारीच्या अखेरीस लॉस एंजलिसला जाणार असाल, तर एक पूर्ण दिवस त्याच्या पूर्वेला असलेल्या पोमोना शहरासाठी ठेवा. तिथल्या फेअरप्लेक्स या जत्रेच्या मैदानात ‘ग्रँड नॅशनल रोडस्टर शो’ भरतो: रोडस्टर (उघड्या टपाच्या दोन आसनी गाड्या) आणि हौसेने बदलून-रंगवून घेतलेल्या इतर गाड्यांचा मेळा. १९५० साली ओकलंडमध्ये सुरू झालेलं हे प्रदर्शन २००४ पासून पोमोनात भरतं. शुक्रवार ते रविवार चालतं. मी शुक्रवारी गेलो, तुम्हीही तोच दिवस धरा. शनिवार-रविवारच्या गर्दीत गाडीला मोकळेपणी फेरी मारता येत नाही, आणि फेरी मारल्याशिवाय हे रंग कळत नाहीत.

मी रंगांसाठीच गेलो होतो. एका लालभडक फोर्डच्या मडगार्डपाशी बराच वेळ वाकून उभा राहिलो. ‘कँडी’ रंगात तळाला चंदेरी किंवा सोनेरी थर असतो, त्यावर पारदर्शक रंगाचे पातळ हात एकावर एक आणि शेवटी क्लिअर, म्हणजे बिनरंगी चकाकणारा थर. प्रकाश रंगातून आत जातो, तळावर आपटून पुन्हा रंगातूनच बाहेर येतो, त्यामुळे लाल रंग पत्र्याच्या आत खोलवर असल्यासारखा वाटतो. एक हात कमी-जास्त झाला तरी पट्टे उमटतात. ही नजर आणि हा हात म्हणजे अस्सल चित्रकारी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पलीकडे एक आजोबा बॉनेटवर पिनस्ट्रायपिंग, म्हणजे बारीक रेघांची नक्षी करत होते. लांब केसांचा ब्रश, करंगळी पत्र्याला टेकलेली. रेघ एका दमात ओढली. वळणावर ब्रश नुसता दोन बोटांत फिरवला. १९५०च्या दशकात ही शैली गाजवली ‘वॉन डच’ म्हणजे केनेथ हॉवर्ड यांनी.

या गॅरेजमधून कला थेट बाहेर पडली. चित्रकार जूडी शिकागो यांनी १९६०च्या दशकात गाड्यांच्या बॉडीकामाच्या शाळेत नाव घातलं. वर्गातल्या त्या एकट्या बाई. स्प्रेचं तंत्र शिकून त्यांनी १९६४ साली गाडीच्या बॉनेटवरच चित्र रंगवलं. ते आता स्टॉकहोमच्या संग्रहालयात आहे. चित्रकार बिली अल बेंगस्टन मोटरसायकलच्या शर्यतीत उतरायचे आणि मॅसोनाइटच्या फळीवर, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर गाडीचा लॅकर मारून चित्रं करायचे. दुसरीकडे, अजब गाड्या बनवणारे एड रॉथ यांच्याकडे काम केलेले चित्रकार रॉबर्ट विल्यम्स यांनी १९९४ मध्ये ‘जक्स्टापोझ’ हे कलेचं मासिक उभं केलं आणि गॅलऱ्यांनी हिणवलेल्या चित्रांना घर मिळालं. कलेच्या इतिहासात या गॅरेजवाल्यांचा उल्लेख तळटीपेत येतो. तो मुख्य मजकुरात यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

जायचं कसं? युनियन स्टेशनहून मेट्रोची ए लाइन पकडा. २०२५ च्या सप्टेंबरपासून ती ला व्हर्न/फेअरप्लेक्स स्थानकावर थांबते. तासाहून जास्त लागतो, पण पार्किंगची कटकट टळते. याच मार्गावर पासाडेना आहे. मेमोरियल पार्क स्थानकावर उतरून चालत नॉर्टन सायमन संग्रहालय गाठता येतं. त्यांच्या संग्रहात लॉस एंजलिसचेच कलाकार क्रेग कॉफमन आणि लॅरी बेल यांच्या चकचकीत प्लॅस्टिक-काचेच्या कलाकृती आहेत, मात्र त्या नेहमी मांडलेल्या नसतात. संकेतस्थळ बघूनच जा; मंगळवार-बुधवार बंद असतं.

लोरायडरसाठी, म्हणजे जमिनीलगत खाली उतरवून सजवलेल्या गाड्यांसाठी, लॉस एंजलिसच्या विल्शायर बुलेव्हार्डवरचं पीटरसन हे गाड्यांचं संग्रहालय. तळघरातल्या ‘व्हॉल्ट’चं तिकीट वेगळं असतं, तेही काढा. १९५८च्या कायद्याने चाकाच्या रिमपेक्षा खाली उतरवलेली गाडी बेकायदा ठरली, तेव्हा रॉन ॲगिरे यांनी आपल्या कॉर्व्हेट गाडीला हायड्रॉलिक पंप बसवला: पोलीस दिसला की गाडी वर! कॅलिफोर्नियाने ही बंदी २०२४ पासून उठवली. मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांनी इतकी वर्षं सोसून ही कला जपली आहे. शेवटी रोडस्टर शोबद्दल: गाडीला हात लावू नका, बॅगेचे बक्कल आणि कॅमेऱ्याचा पट्टा आवरून धरा. मालक जवळच खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याला रंगाचे किती हात दिले, एवढं विचारा; पुढचा अर्धा तास तो आनंदाने बोलतो.