हंगाम संपायच्या आत

बहिस्थ परीक्षकांनी पाठटाचणांचा गठ्ठा चाळला आणि एका टाचणावर ते अडले. विषयाच्या रकान्यात लिहिलं होतं : 'मासिक पाळीतील स्वच्छता – पॅड बदलणे'. सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, हा विषय परीक्षेला? नोटांची ओळख, घड्याळ, असं काही घेता आलं असतं की." आमचे पाठ ज्या विशेष शाळेत होतात तिथल्या मुख्याध्यापकांच्याही मनात तेच होतं. ते बोलले नाहीत, पण त्यांनी लगेच मान हलवली.

मी विशेष बी.एड. म्हणजे दिव्यांग मुलांचे शिक्षक घडवणाऱ्या अभ्यासक्रमाला शिकवते. टाचण आमच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीचं होतं. ती बाजूलाच उभी होती. म्हणाली, "सर, मी जिला शिकवते त्या मुलीला नोटा नंतरही शिकवता येतील. हे आत्ता नाही शिकवलं तर उशीर होईल."

सरांनी विचारलं, कसला उशीर? मग मी आणि तिने मिळून सांगितलं.

ऑगस्टमध्ये प्रत्येक प्रशिक्षणार्थीला एक मूल मिळतं. त्याचं मूल्यमापन करायचं, पालकांशी बोलायचं आणि त्याच्यासाठी वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रम, आमच्या बोलण्यात 'आयईपी', तयार करायचा. हिच्या वाट्याला पंधरा वर्षांची एक मुलगी आली. बौद्धिक अक्षमता मध्यम स्तराची, म्हणजे बुद्ध्यांक ३५ ते ४९ च्या दरम्यान. शब्द मोजकेच, पण खुणा अगदी स्पष्ट. एमडीपीएस या मूल्यमापनाच्या तपासणी-सूचीची १८ क्षेत्रं आणि ३६० कलमं तपासून झाल्यावर पालकांची बैठक ठेवली. मुलीची आई आली. ऊसतोड करणारं कुटुंब. दसरा झाला की नवराबायकोने कोयता घेऊन कारखान्याच्या पट्ट्यात जायचं आणि मुलीने गावात आजीजवळ राहायचं.

आमच्या विद्यार्थिनीने विचारलं, "ताई, हिला काय यायला हवं असं तुम्हाला वाटतं?" सहसा पालक 'नाव लिहिता यावं' असं सांगतात. या बाई म्हणाल्या, "काय न्हाई म्याडम. म्हातारीच्यानं हिचं पाळीचं होत न्हाई. डाग पडले तरी कळत न्हाई हिला, काढून कुठंबी टाकती. यंदा हंगामावरून आलो की पिशवी काढून टाकायची. दवाखान्यात बोलून ठेवलंय."

पिशवी काढणं म्हणजे गर्भाशय काढणं. आमच्या बीड भागात हे वाक्य दाताला कीड लागल्याइतक्या सहज कानावर पडतं. उसाच्या फडात एक दिवस खाडा झाला तरी मुकादम पैसे कापतो, म्हणून पाळीच नको असं ठरवून ऐन तिशीत ऑपरेशन करून घेतलेल्या कितीतरी बायका इथे आहेत. २०१९ मध्ये त्याची चौकशी करायला राज्य सरकारला समिती नेमावी लागली. या आईचंही ऑपरेशन झालेलं होतं. आमच्या विद्यार्थिनीने तिला समजावायचा प्रयत्न केला नाही. फक्त विचारलं, "तुमची काढल्यापासून कसं वाटतंय?" बाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "कंबर गेली. मोळी उचलवत न्हाई आता."

ही गोष्ट एका घरापुरती नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण तेव्हा दिलं गेलं. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. मी दर वर्षी वर्गात ही घटना सांगते आणि एकच प्रश्न विचारते : त्या मुलींना शिकवायचा प्रयत्न कुणी केला होता? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आता कलम १० आहे. स्वतःच्या मुक्त आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय दिव्यांग व्यक्तीवर वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही. कायदा हवाच. पण घरात रोजचे कपडे धुणाऱ्या म्हातारीला कलम १० चा काय उपयोग? तिला मदत करू शकतो तो शिकवणारा माणूस. विशेष शिक्षणाची पदवी असते ती यासाठी, असं माझं ठाम मत आहे.

तर आमच्या विद्यार्थिनीच्या हातात दसऱ्यापासून एप्रिलपर्यंतचा वेळ होता. तिने आयईपीमध्ये पहिलं उद्दिष्ट हेच लिहिलं आणि त्याचं कार्यविश्लेषण केलं, म्हणजे त्या कामाच्या छोट्या छोट्या पायऱ्या पाडल्या. चौदा पायऱ्या निघाल्या. डाग ओळखणे, शिक्षिकेला खूण करणे, दप्तरातून पाऊच काढणे, कडी लावणे असं करत करत शेवटी साबणाने हात धुणे. आपण जे काम विचार न करता उरकतो त्यात इतकं काही दडलेलं असतं, हे पहिल्यांदा विश्लेषण करायला बसलं की प्रत्येक प्रशिक्षणार्थी चकित होतो. शिकवायला सुरुवात तिने शेवटच्या पायरीपासून केली. आधीचं सगळं शिक्षिकेने करायचं, हात तेवढे मुलीने धुवायचे. म्हणजे पहिल्याच दिवशी काम तिच्या हातून 'पूर्ण' होतं. मग एकेक पायरी मागे सरकायचं. सराव टेबलावर, एका नव्या निकरवर. पॅड कुठे बसतं ते कळावं म्हणून निकरवर लाल दोऱ्याने टाका घालून आकार काढला होता. डाग दाखवायला हळदीत चुना कालवून लाल पाणी केलं होतं. पाळीच्या दिवसांत आजी किंवा शाळेतल्या काळजीवाहक मावशी सोबत असत.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते दहाव्या पायरीवर. पॅडच्या मागचा गुळगुळीत कागद मुलीच्या बोटांना सुटेना. चिमटीत ताकद नव्हती, आणि ओढलं तर अख्खं पॅडच फाटायचं. आमच्या विद्यार्थिनीने यावर जो उपाय काढला तो कुठल्याही पुस्तकात नाही. तिने टिकल्यांची पाकिटं आणली. मुलीला टिकल्या भारी आवडायच्या. आधी मोठ्या, मग मध्यम, मग अगदी बारीक. नखाने कडेला उचलायची, चिमटीत धरायची, आरशावर लावायची. दिवाळीनंतर शाळेतल्या प्रत्येक आरशावर टिकल्याच टिकल्या होत्या. नोंदवहीतही बदल दिसू लागला. सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक रकान्यात 'पीपी', म्हणजे हात धरून मदत. संक्रांतीच्या सुमाराला 'व्हीपी' वाढले, म्हणजे नुसतं तोंडी सांगितलं तरी पुरतं. मग अधिकची चिन्हं येऊ लागली, म्हणजे आपलं आपण.

हे सगळं ऐकून सरांनी टाचण पुन्हा हातात घेतलं आणि म्हणाले, "घ्या पाठ."

हंगाम आटपून परत आलेली आई मागच्या बाकावर बसली होती. विद्यार्थिनीने मुद्दाम बोलावलं होतं. मुलगी टेबलापाशी आली, लाल डाग बघून जरा थांबली. "काय दिसतंय?" एवढं विचारल्यावर तिने पोटावर हात ठेवून खूण केली. पाऊच उघडला. वापरलेलं पॅड वर्तमानपत्रात गुंडाळलं, नवं काढलं. आणि दहाव्या पायरीवर अडली. कागद सुटेना.

मदत करण्याआधी थांबायचं, हे आम्ही पहिल्या सत्रापासून सांगतो. पण समोर परीक्षक, पाठीमागे आई, हातात गुणपत्रिका, अशा वेळी थांबणं सोपं नसतं. बहुतेक प्रशिक्षणार्थी तिथे पटकन हात पुढे करतात. हिने दोन्ही हात पाठीमागे बांधले. मुलीने तिच्याकडे पाहिलं. ही काही बोलली नाही, नजरही हलवली नाही. सर खुर्चीत पुढे सरकले. मुलीने घामेजलेली बोटं फ्रॉकला पुसली, पॅड उलटं फिरवलं, दुसऱ्या कडेला नख घातलं आणि टिकली उचलावी तसा कागद अलगद उचलला. पॅड थोडं तिरकं बसलं. विद्यार्थिनीने नुसतं लाल टाक्यावर बोट टेकवलं. मुलीने ते सोडवून सरळ लावलं, कागदाची पुडी डब्यात टाकली आणि हात धुवायला गेली. साबण तिने नेहमीप्रमाणे भरपूर घेतला.

सरांनी नोंदवही महिन्यामहिन्याने उलटून पाहिली, दोन-तीन नेमके प्रश्न विचारले आणि मग आईकडे वळून म्हणाले, "ताई, तुम्हाला काही विचारायचंय?"

मला वाटलं, बाईंना भरून येईल. पण त्या थेट कामाचंच बोलल्या. "इथं बेसिन हाय, डबा हाय. आमच्याकडं नळ दारात न्हाई, संडास लांब. रातच्याला ही काय करंल? आन ह्ये पॅड दर महिन्याला कुठून आणायचं?"

परीक्षा संपायची होती, बाहेर दुसरे प्रशिक्षणार्थी खोळंबले होते. तरी आमची विद्यार्थिनी बाईंच्या शेजारी बाकावर बसली आणि पाटीवजा पुठ्ठ्यावर चित्रं काढू लागली. बेसिनच्या जागी बादली आणि तांब्या. डब्याच्या जागी झाकणाचा जुना तेलाचा डबा, घराच्या मागच्या बाजूला. जनऔषधी केंद्रात एक रुपयाला एक पॅड मिळतं, ते तालुक्याला कुठे आहे तेही तिने लिहून दिलं. आजी कापडच वापरते म्हटल्यावर कापडाची घडी, धुणं आणि उन्हात वाळवणं यांच्या पायऱ्या वेगळ्या मांडल्या. माझ्या मते तिचा खरा पाठ हाच होता. त्याला मात्र गुणपत्रिकेत रकाना नाही.

निघताना बाई तिला म्हणाल्या, "दवाखान्यातलं राहू देते सध्या. दिवाळीपातूर बघते." वचन वगैरे काही नाही. म्हातारी थकली तर काय, हा प्रश्न त्या मनात घेऊनच गेल्या.

तो प्रश्न मलाही छळतो. आमच्या विद्यार्थिनीला पदवी मिळाली, विशेष शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत तिचं नाव लागलं. ती आता कंत्राटी विशेष शिक्षक म्हणून काम करते आणि तिच्याकडे एकाच वेळी अनेक शाळा आहेत. प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढे पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. मार्च २०२५ मध्ये मंजूर पदं जाहीर करायचा आदेश राज्यांना पुन्हा द्यावा लागला. एका मुलीच्या दहाव्या पायरीसाठी महिने लागतात. आज या शाळेत आणि उद्या त्या शाळेत धावणाऱ्या शिक्षिकेने ते कुठून आणायचे?

जूनमध्ये नवी तुकडी आली. त्या मुलीची फाइल मी एका नव्या प्रशिक्षणार्थीच्या हातात दिली आहे. डाग आपणहून ओळखणे, या पहिल्या पायरीपुढे अजून 'व्हीपी' आहे. यंदाचं उद्दिष्ट तेच ठरलंय, आणि पहिली गृहभेट आजीकडे.