उत्तर बरोबर, रीत कुठाय?

रविवारी जेवण झाल्यावर झोपायचं ठरवलेलं, पण मे महिन्यात भांडुपला, तेही वरच्या मजल्यावर, झोप कसली येतेय. शेवटी लॅपटॉप उघडला आणि रोझेटा कोडवर जाऊन बसले. ज्यांना हा नाद आहे त्यांना सांगायला नको. एक प्रश्न, आणि शेकडो प्रोग्रामिंग लँग्वेजमधली त्याची उत्तरं एकाखाली एक. माइक मोल नावाच्या माणसाने २००७ मध्ये ही विकी सुरू केली, तेव्हापासून लोक येतायत, हनोईचे मनोरे, म्हणजे खांबावरच्या चकत्यांचं ते जुनं कोडं, इकडून तिकडे हलवतायत आणि जातायत.

त्या दिवशी गणितज्ञ कापरेकरांच्या नावाच्या, कापरेकर संख्यांचं पान उघडलं. ४५ चा वर्ग २०२५, तोडला की २० आणि २५, बेरीज परत ४५. १०,००० च्या आत अशा सगळ्या शोधून दाखवायच्या.

आई शेजारी लोणच्याच्या कैऱ्या पुसत होती. "कापरेकर? कुठले गं?"

"डहाणूचे. देवळालीला शाळेत शिकवायचे."

"देवळाली म्हणजे, शकूची नणंद तिथेच नाही का दिलेली?"

"आई, ते १९८६ मध्ये गेले."

"मग? मागे माणसं असतील की."

तिला मी डोंबिवलीचं सांगितलंच नाही, नाहीतर अख्खं सासरमाहेर निघालं असतं. कापरेकरांनी एका प्रकारच्या संख्यांना डेम्लो असं नाव दिलं, ते डोंबिवली स्टेशनवरून, कारण कल्पना तिथे सुचली. १११ चा वर्ग १२३२१, तसल्या. डोंबिवली स्टेशनवर मला आजवर एकच गोष्ट सुचलीय, की या गाडीत आपण चढत नाही.

असो. तर माझी लँग्वेज. नाव सांगत नाही, हसाल. पहिल्या नोकरीत शिकलेली, आता तिचं कुणी नावही काढत नाही, पण हात बसलाय. इथे उत्तराला किंमत नाही, ते वर दोनशे जणांनी दिलेलंच असतं, तुम्ही द्यायची ती रीत. आणि रीत म्हटलं की मला सातवीतल्या गणिताच्या बाई दिसतात. पानाच्या उजवीकडे पट्टीने रेघ मारून कच्चं काम तिकडेच करायचं, खोडलं तरी दिसलं पाहिजे. मी तोंडी करायचे आणि खाली नुसतं उत्तर. बाई वही न मिटता तशीच वर धरायच्या, सगळ्या वर्गाला दिसेल अशी, पांढरंशुभ्र पान आणि मधोमध एकच आकडा. "उत्तर बरोबर, रीत कुठाय? शेजारणीकडून उसनं आणलंस?" पाचातले दोन. शेजारची पोरगी माझं बघून लिहायची, पण तिला रीत यायची, तिला साडेचार. हे अजून सलतं, काय करणार.

तर रीत. मधोमधच तोडायचं असं नसतं. ४८७९ चा वर्ग २३८०४६४१, तो २३८ आणि ०४६४१ असा तुटतो तेव्हा कुठे बेरीज जमते. म्हणून मी प्रत्येक जागी तोडून बघत होते, आणि माझी जुनी खोड, व्हेरिएबलची, म्हणजे कोडमध्ये आकडे ठेवायच्या डब्यांची, नावं मराठीत, तोडलेल्या दोन तुकड्यांना डावा आणि उजवा, रोमन अक्षरात. ऑफिसमध्ये हे चालत नाही, तिथे रिव्ह्यूमध्ये लगेच कमेंट येते. कोड चालला, आउटपुटसकट चिकटवला आणि शेवटी एकदाचा डोळा लागला.

उठून बघते तर कुणीतरी दुरुस्ती केलेली. १७ यायला हव्यात, माझ्या २० आलेल्या. १०, १०० आणि १०००, तिघी घुसल्या होत्या. १०० चा वर्ग १००००, तोडला की १०० आणि ००, बेरीज १००, म्हणजे हिशेबाला चोख, पण उजवीकडे नुसती शून्यं चालत नाहीत असं प्रश्नातच लिहिलंय, वरच, ठळक नसलं तरी लिहिलंय. बाई असत्या तर "प्रश्न शेवटपर्यंत वाचला का?" आणि परत दोन मार्क.

लाज वाटली, मग कोड बघितला. एकच अट वाढवलेली, उजवा शून्यापेक्षा मोठा हवा. नावं तशीच ठेवलेली. तो माणूस कुठल्या देशात बसलाय देव जाणे, त्याने 'उजवा' हा शब्द एकेक अक्षर बघून, बरोब्बर स्पेलिंगने टाइप केला होता. त्याला काय वाटलं असेल? कुठल्या तरी कोड लायब्ररीतलं तयार फंक्शन?

आईला दाखवलं. ती म्हणाली, "बरं, बरणीचं झाकण लागत नाहीये, तेवढं बघ."